बारशाला न बोलावलेली वहिनी

वहिनी गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीनं येत होतो, फोन आदल्या दिवशी सकाळीच बंद पडला होता. सकाळी हायवेला उतरलो, रिक्षा शोधत रावेतच्या चौकात आलो, तर समोर विजेच्या खांबाला, कुठल्याशा युवा नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर दुसरा फ्लेक्स बांधलेला... आणि त्यावर पारूवहिनी. फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता. शेजारचा माणूस कापून टाकला होता, पण त्याचा एक खांदा तेवढा राहून गेला होता. खाली लिहिलं होतं, ‘प्रेमळ, मनमिळाऊ, मृदुभाषी, माता-भगिनींची माऊली’. आणि त्याखाली हात जोडून उभे असलेले शोकाकुल दिनकरराव, म्हणजे माझा चुलतभाऊ. त्याचा फोटो वहिनीच्या फोटोपेक्षा थोडा मोठाच होता. आदल्या दिवशी दुपारी वहिनी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही, हे मला नंतर घरी गेल्यावर वहिनीच्या मुलानं, माझ्या पुतण्यानं, सांगितलं. म्हणजे दुपार ते सकाळ एवढ्या वेळात आमच्या भावकीनं डॉक्टर बोलावला, सोयऱ्यांना फोन केले आणि फ्लेक्सही छापून घेतला. फ्लेक्सच्या बाबतीत आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही.

‘मृदुभाषी’ या शब्दापाशी मी तिथंच थांबलो. तो शब्द वाचून वहिनीनं काय म्हटलं असतं ते मला अक्षरशः ऐकू आलं, आणि ते वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापण्यासारखं नाही. वहिनी प्रेमळ नव्हती, मनमिळाऊ तर मुळीच नव्हती. मृदुभाषी असती तर ज्या बायका तिच्यामुळे आज हिंडत्या-फिरत्या आहेत त्यातल्या निदान दोन गेल्या असत्या. गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं म्हणतात. मी खरं बोलणार आहे.

ती चाकणच्या पलीकडची, कांद्याच्या मोठ्या बागायतदाराच्या घरातली. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा रावेतात चारी बाजूंनी शेतं होती आणि आम्ही सगळे एकमेकांचे बांध कोरण्यात मग्न होतो. पुढं जमिनी रस्त्याला गेल्या, बिल्डरला गेल्या. भावकीत बंगले आले, गाड्या आल्या, गळ्यात साखळ्या आल्या. अक्कल मागून येईल म्हणत होते, तिची वाट आम्ही अजून बघतोय. वहिनीच्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, दादानं, बंगल्यामागं भाड्याच्या खोल्यांची ओळ बांधली. चाकणच्या कंपन्यांत कामाला येणारी मराठवाड्याची पोरं आपल्या नव्या संसारासकट तिथं राहायची. वहिनी त्यांना ‘खोल्यावाले’ म्हणायची. त्यांच्याकडे पाणी जपून वापरायला सांगण्यापलीकडे तिचा काही व्यवहार नव्हता. मानी होती, हट्टी होती, आणि बाळंतपणातलं आपल्याला सगळं कळतं असा तिचा पक्का समज होता. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, बांधलेले कान, बंद खिडकी... यापलीकडे बाळंतिणीला काय लागतं, असं ती म्हणायची. बाळंतिणीचं डोकं दुखलं तर म्हणायची, ‘दुखतंच. आमची न्हाई दुखली व्हय?’

वैशाली तिची एकुलती लेक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली. दादानं बारसं दणक्यात करायचं ठरवलं, कारण आमच्यात मुलगी झाली तरी आम्ही नाराज नाही हे लोकांना दाखवायचं असतं, आणि ते दाखवायला मांडव लागतो. अंगणात बांबू पडले. स्वयंपाकाला आचारी ठरला. वैशालीचं तोंड सुजलेलं होतं, बोटं एवढी फुगली होती की अंगठी निघेना. भेटायला आलेल्या बायका गालावरून हात फिरवून म्हणायच्या, ‘बाळतपण मानवलं गं पोरीला, कशी भरली अंगानं!’ भरली म्हणे! पोरगी सांगत होती, आई, डोकं फुटल्यागत होतंय, डोळ्यापुढं काजवे चमकतायत. वहिनीनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, दृष्ट काढली, आणि चुलीत टाकलेल्या मिरच्यांचा ठसका लागला नाही म्हणून ‘बघा, किती कडक नजर हुती’ असं चार बायकांना समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वैशालीला उलट्या सुरू झाल्या तेव्हा दवाखान्यात न्यायचं ठरलं. मी तेव्हा कंपनीत होतो. पुढचं मला दादानं नंतर सांगितलं... सांगताना तो भिंतीकडे बघत होता. निघण्याआधी वहिनीनं लेकीच्या कानाचा फडका सोडला, केस विंचरले आणि तिला चांगली साडी नेसवली. वाटेत सासरचं कुणी भेटलं तर बरं दिसलं पाहिजे ना! आमच्या घरात दवाखान्यात जातानाही साडी बदलायची रीत होती. बाळ घरीच ठेवलं. ज्या दवाखान्यात बाळंतपण झालं तो लांब, म्हणून जवळच्या दुसऱ्याच दवाखान्यात गेले. तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरनं विचारलं, काय होतंय? दादा म्हणाला, पित्त झालंय. जावई म्हणाला, झोप झालेली नाही. परक्या पुरुषासमोर बाळंतपणाचा विषय कशाला, म्हणून वहिनी पदर सावरून गप्प उभी राहिली. वैशालीला बोलण्याचं त्राण नव्हतं. समोर नीटनेटकी साडी नेसलेली, डोकं धरून बसलेली एक बाई. प्रेशर थोडं वाढलंय, उद्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा, असं सांगून त्यानं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. बंगल्यासमोर गाडीतून उतरतानाच तिला झटके आले. अर्धवट उभ्या राहिलेल्या मांडवाखाली तिला झोपवलं, मग पुन्हा गाडीत घातलं, मग मोठ्या हॉस्पिटलात नेलं... दुसऱ्या दिवशी ती गेली.

त्यानंतर भावकीनं जी विद्वत्ता पाजळली, ती ऐकून माझा माणसांवरचा उरलासुरला विश्वास उडाला. कुणी म्हणालं, बाहेरचं झालं. कुणी म्हणालं, एवढंच आयुष्य होतं. एका शहाण्यानं मांडवाच्या बांबूंची दिशा चुकल्याचं शोधून काढलं. दशक्रियेला दिनकररावानं ‘नियतीचा घाला’ यावर भाषण केलं आणि शेवटी आपल्या पक्षाच्या वतीनं श्रद्धांजली वाहिली. तो पक्ष त्यानं पुढं दोनदा बदलला, नियती मात्र तीच राहिली. बाळाला तिच्या वडिलांनी नेलं. आजोळी तिला नाव ठेवायचं राहूनच गेलं.

वहिनी रडली नाही. एक दिवस मला म्हणाली, ‘भावजी, गाडी काढा.’ कुठं, तर जिथं वैशालीचं बाळंतपण झालं होतं त्या डॉक्टरीणबाईंकडे. मला वाटलं, ही तिथं भांडायला निघालीय. वहिनी खुर्चीत बसली आणि म्हणाली, ‘बाई, माझी लेक कशानं गेली ते मला समजंल असं सांगा. देवाचं नाव घिऊ नका.’

डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलं. बाळंतपण झालं म्हणजे धोका टळला असं नसतं. रक्तदाब नंतरही वाढतो, तोंड-हात सुजतात, डोकं दुखतं, डोळ्यांपुढं चमकतं, आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर झटके येतात, मेंदूत रक्तस्राव होतो. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, ‘त्या जवळच्या दवाखान्यात तुम्ही सांगितलं होतं ना, ती नुकतीच बाळंत झालीय म्हणून? ते कळलं असतं तर त्यांनी तिला सोडलं नसतं.’

बाहेर एक लहान मूल रडत होतं...

‘न्हाई,’ ती म्हणाली. ‘कुनीच न्हाई सांगितलं. मी तर तिचा फडका सोडून नेली.’

वहिनीनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘आजून काय काय हुतं बाळतिणीला? सगळं सांगा. मी हितनं उठत न्हाई.’

ती खरंच उठली नाही. बाकीचे पेशंट खोळंबले, तरी नाही. पुढं कित्येक दिवस ती त्या दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसायची, रिकामा वेळ मिळाला की डॉक्टरीणबाईंना गाठायची आणि पाठ केलेलं म्हणून दाखवायची. चुकलं की पुन्हा. डॉक्टरीणबाई एकदा मला हसून म्हणाल्या होत्या, ‘माझी परीक्षा घेतात तुमच्या वहिनी.’

तिनं सुरुवात केली ती मागच्या खोल्यांपासून. तिथं सारिका नावाची परभणीकडची पोरगी नुकतीच बाळंत होऊन आली होती. आई गावाकडे, सासू गावाकडे, नवरा चाकणला शिफ्टमध्ये. ज्या मालकिणीनं कधी उंबरा ओलांडला नव्हता ती सरळ आत शिरली आणि म्हणाली, ‘पाय दाव.’ पोरगी घाबरली, तिला वाटलं खोली खाली करायला आलीय. वहिनीनं तिच्या दोन्ही पोटऱ्या दाबून बघितल्या, आणि समोर बसकण मारून सुरू झाली.

‘ऐक. तासाभरात कापड भिजून चिंब झालं, लिंबाएवढी गाठ पडली, तर दवाखाना. थंडी वाजून ताप आला, अंगावरनं जातंय त्याला घान वास आला, दवाखाना. डोकं ठनकाया लागलं आनि उतरंना, डोळ्यापुढं काजवे आलं, त्वांड-हात सुजलं, दवाखाना. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, तरीबी. छातीत दुखलं, दम लागला, तर बसल्या जागंवरनं उठून. आनि जीव नकोसा झाला, लेकराला काय तरी करावं असं मनात आलं, तर ती बी दुखनंच हाय, लाजायचं न्हाई. सासूला फोन लावून इचारायचं न्हाई. नवऱ्याची शिफ्ट सुटायची वाट बघायची न्हाई. आनि तिथं गेल्यावर पैलं काय सांगायचं?’

‘काय, आजी?’

‘मी बाळतीण हाय. म्हन.’

सारिका पुटपुटली. ‘मोठ्यानं म्हन, त्वांड काय नुसतं भाकरी खायाला हाय?’ मग नवरा आला, तर त्यालाही उभं केलं. ‘तू म्हन, माझी बायको बाळतीण हाय.’ तो बिचारा बॅग खांद्याला तशीच ठेवून शाळेतल्या पोरासारखा म्हणाला.

पुढं महिनाभरानं सारिकाची डावी पोटरी सुजली. नवरा ओव्हरटाइमला. तिनं शेजारणीला घेतलं, बाळाला घेतलं, रिक्षा केली. दवाखान्यात ओळीत बसायला सांगितलं, तर ही सगळ्यांसमोर उभी राहून ओरडली, ‘मी बाळंतीण हाय, माझा एकच पाय सुजायलाय, दम लागायलाय!’ रक्ताची गाठ निघाली. आधी पायात होती, तिथून फुफ्फुसाकडे निघाली होती. वेळेवर औषधं सुरू झाली. घरी आल्यावर पेढे घेऊन ती वहिनीच्या पाया पडायला आली, तेव्हा मी तिथंच होतो. वहिनीनं पेढ्यांकडे पाहिलंही नाही. ‘पाया पडून काय करू? तुझ्या त्या शेजारनीला सातवा लागलाय, तिला सांगितलंस का समदं?’ सारिकानं मान डोलावली. ‘डोलवू नगंस. म्हनून दाव.’

खोल्यांमधल्या बायका तिला घाबरायच्या, पण ऐकायच्या. न ऐकणारे आमच्यासारखे. मी आता वाकडला एका उंच बिल्डिंगीत राहतो. आमच्या सोसायटीत होणाऱ्या आयांसाठी एक कार्यक्रम असतो. गुलाबी-निळे फुगे, केक, गिफ्टच्या पिशव्या, पोटावर हात ठेवून काढलेले फोटो. मी वहिनीचं नाव सुचवलं. संयोजक बाई फार गोड होत्या. वहिनीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘आजी, तुम्ही तुमचे अनुभव सांगा, पण प्लीज निगेटिव्ह काही नको हं. पॉझिटिव्ह वाइब्ज हव्यात.’

‘निगेटिव म्हंजी काय?’ वहिनीनं मला विचारलं.

मी म्हणालो, ‘मरणाबिरणाचं बोलू नका म्हणतायत.’

‘का? हितं कुनी मरत न्हाई व्हय? किती मजलं हायत तुमचं?’

तिला बोलू दिलं नाही. तिच्याऐवजी एका बाईंनी बाळाच्या खोलीला कोणता रंग द्यावा हे पाऊण तास सांगितलं. वहिनीनं केक खाल्ला नाही, पिशवी घेतली नाही. लिफ्टमध्ये मात्र एका अवघडलेल्या पोरीला तिनं गाठलं आणि चौदाव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत सगळं सांगून मोकळी झाली. ती पोरगी पार्किंगपर्यंत मागं आली, आणि तिनं वहिनीचा नंबर घेतला.

पण वहिनीचा खरा आखाडा बारसं हाच होता. बाळंतीण तिथं सगळ्यांदेखत असते, सासू असते, आई असते, नवराही कुठंतरी फोनवर असतो. वहिनी पाळणा म्हणून होईपर्यंत दम धरायची आणि मग उठायची. पुरुषमंडळी खुर्च्या सरकवून चुळबुळ करायची, बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, आणि वहिनी सभ्य माणसांनी उच्चारू नयेत असे सगळे शब्द उच्चारायची. ज्या पुरुषांना मूल हवं असतं, बारशाचं जेवण हवं असतं, पण ते मूल कुठून आलं हे ऐकवत नाही, त्यांच्याबद्दल तिला केवढी तुच्छता! ‘हे बघा बसल्यात,’ ती मला म्हणायची, ‘गाईची वार पडली न्हाई तर रातभर गोठ्यात बसत्यात. बायकूचं इचारलं की कान लाल.’

दिनकररावाच्या नातवाचं बारसं त्याच्याच पुनावळ्याच्या लॉन्सवर झालं. ते बारसं होतं की निवडणुकीची सभा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. क्रेननं वरून पाळणा उतरवला. धूर सोडला. डीजेनं एवढा आवाज केला की बाळ काळंनिळं होऊन रडलं. आणि त्याची आई, पूजा, नऊवारी शालू, कमरपट्टा, फुलांचा मुकुट घालून, टाके ओले असताना तीन तास स्टेजवर उभी. पाहुण्यांबरोबर फोटो काढून घेत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मेकअपखालून दिसत होतं ते ज्याला बघायचं होतं त्याला.

वहिनी स्टेजवर चढली आणि निवेदकाच्या हातातून माईक काढून घेतला. ‘पोरी, आधी खाली बस.’ लॉन्सभर आवाज घुमला. ‘कुनी तरी खुर्ची द्या तिला, शोभेची न्हाई, साधी द्या. आता सांग, अंगावरनं किती जातंय?’

माईक बंद पडला. पडला नाही, पाडला. दिनकररावानं डीजेवाल्याला हातानं खूण केलेली मी स्वतः पाहिली. वहिनीनं तो निर्जीव माईक निवेदकाला परत दिला, पदर खोचला, आणि म्हणाली, ‘हे नसलं तरी चालंल. मी गडी हाकल्यात रानात.’ आणि त्या आवाजात तिनं सगळं सांगितलं. लोक मान खाली घालून जिलेबी खात होते. पूजा मात्र खुर्चीत बसली होती आणि ऐकत होती.

चार-पाच दिवसांनी वहिनीचा मला फोन, ‘गाडी घिऊन या.’ पूजानं न्हाणीघरात कडी लावून तिला फोन केला होता. थंडी वाजून ताप, ओटीपोट दुखतंय, घाण वास येतोय. सासू म्हणते, दूध भरलं की ताप येतोच, लाज नाही का असलं बोलायला. आम्ही गेलो तर दिनकरराव फाटकातच उभा. घरात सत्यनारायण होता.

‘वहिनी, आज नको. मंगलकार्य हाय घरात. तुमचं पाऊल...’ पुढचं तो बोलला नाही, पण ज्या बाईची लेक बाळंतपणात गेली तिचं पाऊल कसलं, ते आमच्यात शेंबड्या पोराला ठाऊक असतं.

‘पाऊल राहू दे भाईर,’ वहिनी म्हणाली, ‘मी बी राहते भाईर. पोरीला पाठीव. न्हाईतर हितनंच वरडून सांगते तिला काय झालंय ते. पूजेला बसल्यात न्हवं समदे? आयकू द्या.’

तो दचकला. सुनेच्या तापाला नव्हे, तमाशाला. दोन मिनिटांत पूजा बाहेर आली, शालीत गुंडाळलेली, नवरा मागून चपला घालत. वहिनीनं गाडीत बसल्यावर तिला एवढंच विचारलं, ‘तिथं पैलं काय सांगायचं?’ पूजानं दात वाजत असतानाच सांगितलं. वारेचा तुकडा आत राहिला होता, त्यानं विष भिनत चाललं होतं. तिला बरेच दिवस ठेवून घेतलं. वाचली.

दिनकररावानं पुढं सगळ्यांना सांगितलं की किरकोळ इन्फेक्शन होतं. आणि त्याच्या जोडीला हेही सांगितलं की ही बाई ज्या बारशाला जाते तिथं मागून दवाखाना लागतो. झालं. भावकीतली बोलावणी बंद झाली. पत्रिका यायची, त्यावर ‘सहकुटुंब’ नसायचं, नुसतं तिच्या मुलाचं नाव असायचं. हळदीकुंकवाला नाही, डोहाळजेवणाला नाही. वहिनी समोरून आली की बायका पोटुशा सुनेला पदराआड घ्यायच्या. मी एकदा चिडून म्हणालो, कशाला जाता मग न बोलावता? माणसं काय बोलतात कळत नाही का तुम्हाला?

ती निवडत असलेल्या मेथीवरून मान न उचलता म्हणाली, ‘ही माणसं? ह्यांचं बोलनं मी मनाला लावून घ्यायचं? भावजी, मी ह्यांच्यातलीच हुते. मला ठावं हाय ह्यांच्या डोस्क्यात काय असतंय. मांडव असतोय.’

तिनं स्वतःला कधी त्यांच्याहून वेगळं काढलं नाही. तिच्या तुच्छतेला म्हणूनच धार होती. वैशालीचं नाव ती घेत नसे. एकदाच, वैशालीची मुलगी सुट्टीला आली असताना, तिच्या कानाला वारं लागू नये म्हणून कुणीतरी फडका पुढं केला, तेव्हा वहिनीनं तो हातातून घेतला, घडी घातली, आणि किती तरी वेळ तशीच मांडीवर धरून बसली...

शोकसभा झाली ती अर्थातच पुनावळ्याच्या त्याच लॉन्सवर, कारण दिनकररावानं ‘वहिनींसाठी एवढं तर करूच’ म्हणत जागा दिली. आठ जण बोलले. आठही पुरुष. एकाच्याही तोंडून ‘रक्त’ हा शब्द निघाला नाही. ‘महिलांच्या आरोग्याच्या क्षेत्रात’, ‘मोलाचं योगदान’, ‘मातृशक्ती’... दिनकरराव तर गहिवरला. म्हणाला, आमच्या घरावर वहिनींचे उपकार आहेत. कसले ते सांगितलं नाही. पूजा बायकांच्या बाजूला बसली होती. तिच्यापर्यंत माईक गेला नाही, सारिकापर्यंत तर जाण्याचा प्रश्नच नव्हता, ती मागं उभी होती. कुणी एक जण उठून एवढं तरी म्हणेल असं मला वाटलं की बाळंतिणीला दवाखान्यात नेलंत तर ती बाळंतीण आहे हे आधी सांगा. वहिनीच्या नावानं तेवढं पुरलं असतं. नाही. दोन मिनिटं उभं राहून झालं, चहा झाला, आणि मंडळी कुणाच्या तरी प्लॉटविषयी बोलत गाड्यांकडे गेली.

परवा दुपारी मी रावेतला गेलो होतो. पुतण्या बँकेत गेला होता, मी वहिनीच्या खोलीत एकटाच बसलो होतो. खोली अजून आवरलेली नाही. पलंगाजवळच्या फळीवर तिचा बटणांचा फोन चार्जिंगला लावलेला. पुतण्याची बायको रोज लावते. मी पुतण्याला म्हणणारच होतो की हे सिम बंद करा आता... तेवढ्यात तो वाजला.

‘आजी?’ बाईचा आवाज, अगदी बारीक. ‘आजी, मी म्हाळुंग्याहून बोलतेय. तुम्ही नंबर दिला होता बघा, बहिणीला. माझी दोन कापडं भिजली आत्ताच. गाठी पडतायत. उभं राहिलं की अंधारी येतेय.’

मी म्हणालो, ‘आजी नाहीत. मी त्यांचा दीर बोलतोय. बाळंत कधी झालात?’

फोनच्या पलीकडे मागून कुणीतरी म्हातारी बाई म्हणाली, ‘बाप्यामाणूस हाय? ठेव, ठेव फोन! बाप्याला काय सांगतीस असलं? बाळतपनात जातंच रगत.’

आणि मग मी, ज्यानं पुऱ्या नोकरीत कुणावर आवाज चढवला नाही, त्या कोण कुठल्या म्हातारीवर असा ओरडलो की मागच्या खोल्यांतून सारिका धावत आली. काय म्हणालो ते छापता येणार नाही. मग सारिकानं माझ्या हातातून फोन घेतला. ‘आडवी पड. पाय उशीवर घे. नवरा हाय का? त्याला फोन दे. न्हाई? मग शेजारचं दार वाजवायला सांग त्या म्हातारीला, मी इकडून अँब्युलन्सला लावायला सांगते, पत्ता सांग. आन् तिथं गेल्यावर...’

‘सांगते,’ पलीकडून ती म्हणाली. ‘माहिताय. पाठ करून घेतलंय बहिणीनं.’

मी माझ्या फोनवरून अँब्युलन्सला पत्ता सांगितला. मग आम्ही दोघं वहिनीच्या पलंगावर बसून राहिलो, फोन मधे ठेवून. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. शुद्धीवर आहे, रक्त चढवतायत, सासू बाहेर बसून रडतेय.

‘रडू दे तिला,’ सारिका म्हणाली, आणि फोन परत चार्जिंगला लावला.